आधी नोंद, मग दगड : अशनीचे तुकडे शोधायला निघणाऱ्यांना खुले पत्र

मित्रहो,

आकाशात अग्निगोल दिसला, पाठोपाठ दणका ऐकू आला आणि कुठेतरी दगड पडल्याची बातमी पसरली, की दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तुम्ही त्या भागात हजर असता. तुमच्यात कुणी हौशी आकाशनिरीक्षक असतो, कुणी विद्यार्थी, कुणी असे दगड विकत घेऊन पुढे विकणारा, आणि कुणी ज्याच्या जमिनीवर दगड पडला तो स्वतः. हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे. प्रयोगशाळेतली माणसं बहुतेक वेळा तुमच्यानंतर पोहोचतात. दगडाला पहिला हात तुमचा लागतो, त्यामुळे जे सांगायचं ते तुम्हालाच सांगायला हवं.

मागणी एकच आहे. तुकडा जागेवरून हलवण्याआधी तो कुठे, कसा आणि कोणत्या अवस्थेत पडला होता याची नोंद घ्या, आणि ती नोंद त्या तुकड्यापासून कधीही वेगळी पडू देऊ नका.

हात लावू नका, तज्ज्ञांची वाट बघत बसा, असं मी म्हणत नाही. उलट लवकर उचला, पावसाच्या आधी उचला. 22 एप्रिल 2012 रोजी कॅलिफोर्नियात सटर्स मिलजवळ एक अशनी फुटून विखुरला. तीनच दिवसांनी त्या भागात जोराचा पाऊस झाला. त्याआधी मोजकेच तुकडे हाती लागले होते, पण त्या कोरड्या तुकड्यांमध्ये ओल्डहॅमाइट हे कॅल्शियमचं सल्फाइड सापडलं. हे खनिज पाणी लागलं की टिकत नाही. पावसानंतर उचललेल्या तुकड्यांकडून ही माहिती मिळाली नसती.

साध्या पाषाण अशनीतही हा बदल नुसत्या डोळ्यांना दिसतो. ताज्या पडलेल्या दगडावर काळं कवच असतं, जाडी जेमतेम एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी. कोपरा उडाला असेल तर आतला भाग फिकट राखाडी दिसतो. उजेडात तिरका धरून पाहिला तर त्यात मिलिमीटरभर आकाराचे गोल दाणे दिसतात आणि मधूनमधून लोखंड-निकेलचे कण चमकतात. ते गोल दाणे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी, ग्रह पूर्ण तयार होण्याआधी, अवकाशात वितळून पुन्हा घट्ट झालेले थेंब आहेत. असा दगड ओल्या गवतात पडून राहिला की आधी प्रत्येक धातूच्या कणाभोवती तपकिरी कडं उमटतं, मग कडी एकमेकांत मिसळतात आणि राखाडी रंग गढूळ होतो. एवढा काळ अवकाशात न बदलता राहिलेला दगड आपल्या हवेत काही दिवसांत बदलायला लागतो.

इंग्लंडमध्ये 28 फेब्रुवारी 2021 च्या रात्री विंचकम इथे पडलेल्या अशनीचं नशीब चांगलं होतं. त्याचा मोठा भाग एका घरासमोरच्या मोटारीच्या वाटेवर आपटून भुकटी झाला. घरच्या लोकांनी सकाळी तो काळा ढीग पाहिला, हातमोजे घातले आणि स्वच्छ पिशव्यांत भरून ठेवला. दगड पडून बारा तासही झाले नव्हते. त्या भुकटीतल्या खनिजांमध्ये वजनाच्या सुमारे अकरा टक्के पाणी बांधलेलं निघालं, आणि त्या पाण्यातल्या हायड्रोजनच्या समस्थानिकांचं प्रमाण आपल्या महासागरांतल्या पाण्याच्या जवळ जाणारं होतं. एवढी काळजी घेऊनही पुढच्या काही महिन्यांत त्याच अशनीच्या नमुन्यांवर मीठ आणि कॅल्शियम सल्फेट तयार झालेलं संशोधकांना दिसलं. इतक्या जपलेल्या दगडाची ही गत, तर खिशात सुट्या नाण्यांबरोबर चार दिवस फिरलेल्या तुकड्याची काय होत असेल याचा विचार करा.

घाईचं आणखी एक कारण आहे आणि ते कमी जणांना ठाऊक असतं. अवकाशात फिरत असताना विश्वकिरणांच्या माऱ्याने दगडात किरणोत्सारी अणू तयार होत असतात. त्यातले काही फार अल्पायुषी. सोडियम-24 चं अर्धायुष्य पंधरा तासांचं, व्हॅनेडियम-48 चं सोळा दिवसांचं, कोबाल्ट-56 चं सत्त्याहत्तर दिवसांचं. ते मोजले की मूळ दगड अवकाशात केवढा मोठा होता आणि हातातला तुकडा त्याच्या पृष्ठभागाजवळचा होता की पोटातला, हे काढता येतं. या मोजणीसाठी दगड फोडावा लागत नाही. तो शिसाच्या आवरणात किंवा जमिनीखालच्या प्रयोगशाळेत गॅमा किरण टिपणाऱ्या यंत्रासमोर नुसता ठेवायचा असतो. पण आठवडाभराने आणि वर्षभराने केलेल्या मोजणीत मोठा फरक पडतो. दगड दोन वर्षं कपाटात राहिला तर तेवढ्या काळात ही माहिती आपोआप नाहीशी होते. तिची दुसरी प्रत कुठेही नसते.

आता नोंदीबद्दल. एकच तुकडा सापडला, त्याची जागा लिहून काय साधणार, असं बरेच जण म्हणतात. त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितो.

अग्निगोल जमिनीपर्यंत जळत येत नाही. साधारणपणे वीस-तीस किलोमीटर उंचीवर वेग इतका कमी होतो की उजेड विझतो, कवच थिजतं, आणि तिथून पुढे दगड काही मिनिटं नुसता खाली पडत राहतो. (म्हणूनच तो जमिनीवर पोहोचेपर्यंत तापलेला राहत नाही. गवत पेटलं, दगड लालभडक होता, अशी वर्णनं ऐकली की सावध व्हा.) या शेवटच्या टप्प्यात जड तुकडे मूळ दिशेने लांबवर जातात, हलके आधीच पडतात आणि वाऱ्याबरोबर बाजूला सरकतात. त्यामुळे जमिनीवर तुकड्यांचा लांबट पट्टा तयार होतो. एका टोकाला बारीक दाणे, दुसऱ्या टोकाला मोठे दगड. तुमचा पाच ग्रॅमचा खडा नकाशावर नेमका कुठे बसतो हे कळलं, आणि तसेच आणखी पाच-सहा खडे मिळाले, की पट्ट्याची दिशा ठरते आणि न सापडलेला मोठा दगड कुठे असू शकेल याचा अंदाज बांधता येतो. नोंद लपवून ठेवणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःचाच पुढचा दगड गमावतो.

दगड आकाशातून पडतात हे विद्वानांना मान्य झालं तेही अशाच नोंदींमुळे. 26 एप्रिल 1803 रोजी फ्रान्समध्ये लेगल या गावाभोवती दोन-तीन हजार दगड पडले. जर्मन पदार्थवैज्ञानिक अर्न्स्ट क्लाडनी याने 1794 मध्येच असे दगड अवकाशातून येतात असं लिहिलं होतं, पण ते पटलेले फार थोडे होते. चौकशीसाठी तरुण पदार्थवैज्ञानिक झाँ-बातीस्त बियो याला पाठवलं. तो गावोगाव फिरला, वेगवेगळ्या थरांतल्या साक्षीदारांना वेगवेगळं गाठून विचारलं, कुठे कोणते दगड पडले ते नोंदवलं. आसपासच्या भट्ट्या आणि खाणींमध्ये असा दगड आधी कधी होता का, हेही त्याने तपासलं. त्याच्या नकाशावर दगडांचं क्षेत्र लंबवर्तुळाकार निघालं. वाद तिथेच जवळपास मिटला. बियोच्या आधी लोकांनी दगड गोळा केले नव्हते असं नाही. जागा आणि साक्ष त्यांना बांधून ठेवणारं कुणी नव्हतं, एवढंच.

आज नोंद झालेल्या अशनींची संख्या सत्तर हजारांच्या वर आहे. त्यातले बहुतेक अंटार्क्टिकाच्या बर्फावर किंवा वाळवंटांत सापडलेले, कधी पडले ते कुणी पाहिलेलं नाही. पडताना पाहून मग मिळवलेले सुमारे तेराशे. आणि सूर्याभोवतीच्या कोणत्या कक्षेतून आले हे नीट ठाऊक असलेले काही डझन फक्त. त्यातला पहिला चेकोस्लोव्हाकियातल्या प्रशिब्रामचा, 7 एप्रिल 1959 चा. कॅमेऱ्यांनी टिपलेल्या मार्गावरून त्याची कक्षा मागे काढत गेलं तेव्हा ती मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात पोहोचली. कॅमेरे आता कितीतरी जास्त आहेत, हवामानाच्या रडारवरही पडणारे तुकडे दिसतात. तरी आकाशातला मार्ग आणि जमिनीवरचा दगड यांना जोडणारा शेवटचा दुवा तुम्ही वहीत लिहिलेली जागाच असते.

2008 TC3 या लघुग्रहाची गोष्ट तर या पत्रासाठीच घडली असावी असं मला नेहमी वाटतं. तो 6 ऑक्टोबर 2008 रोजी अवकाशात असतानाच दुर्बिणीतून सापडला आणि दिवसही उलटला नसेल तोच सुदानच्या वाळवंटावर फुटला. डिसेंबरमध्ये खार्टुम विद्यापीठाचे विद्यार्थी आणि शिक्षक तिथे रांग धरून चालले. प्रत्येक तुकड्याची जागा टिपली. एकूण सहाशेच्या आसपास तुकडे मिळाले आणि ते सारखे नव्हते. बरेचसे युरेलाइट या दुर्मिळ प्रकाराचे, पण त्यांच्यात वेगवेगळ्या जातींचे काँड्राइटही, म्हणजे वर सांगितलेल्या गोल दाण्यांच्या गटातले पाषाण अशनीही होते. जागेची नोंद नसती तर हे वेगळ्या जातीचे दगड दुसऱ्याच कुठल्या अशनीचे म्हणून बाजूला टाकले गेले असते. एकाच लघुग्रहात इतक्या जातींचे खडक नांदू शकतात हे त्यामुळे समजलं. म्हणून शोधताना आधी सापडलेल्यापेक्षा वेगळा दिसणारा तुकडा टाकून देऊ नका. कवच ताजं असेल तर तो हवाच.

प्रत्यक्षात करायचं काय, तर फार काही नाही. दिसला की थांबा. उभ्याने एक फोटो घ्या, आजूबाजूची जागा दिसेल असा. मग जवळून एक, शेजारी मोजपट्टी ठेवून. फोनवर अक्षांश-रेखांश उघडा आणि ते आकडे वहीत हाताने लिहा, कारण फोटो एका फोनवरून दुसऱ्यावर जाताना त्यातली जागेची माहिती बऱ्याचदा गळून पडते. तारीख आणि वेळ लिहा. दगड किती खोल रुतला होता, कोणती बाजू वर होती, वाटेत फांदी मोडली होती का, जमीन ओली होती का, हेही लिहा. मग स्वच्छ हातमोजा घालून किंवा ॲल्युमिनियमच्या कोऱ्या फॉइलने धरून उचला आणि फॉइलमध्येच गुंडाळा. उघड्या हाताचं तेल आणि घाम त्यातल्या सेंद्रिय रेणूंमध्ये मिसळतो, आणि नंतर कोणते रेणू अवकाशातून आलेले आणि कोणते तुमच्या बोटांचे हे सांगणं अवघड होऊन बसतं. ऑस्ट्रेलियात 1969 मध्ये पडलेल्या मर्चिसन अशनीत अमिनो आम्लं सापडली तेव्हा हाच प्रश्न सगळ्यात आधी सोडवावा लागला होता. क्रमांक पाकिटावर लिहा, दगडावर कधीही नाही. घरी येऊन एक दशांश ग्रॅमपर्यंत वजन करा.

खड्डा पडला असेल तर तो बुजवू नका. आत बारीक चुरा असतो. आणि दगडाखालची मूठभर माती वेगळ्या पाकिटात घ्या. दगडात मातीतून काय शिरलं हे वजा करायला ती लागते. ही मातीची पुडी मी आग्रहाने मागतो, कारण दगड सापडल्याच्या आनंदात ती घ्यायची राहून जाते आणि पुन्हा त्या जागी जाईपर्यंत पाऊस झालेला असतो.

18 जानेवारी 2000 रोजी कॅनडात टॅगिश सरोवरावर अशनी पडला. आठवड्याभराने एक स्थानिक माणूस गोठलेल्या सरोवरावरून गाडी चालवत घरी निघाला होता. बर्फावर काळे खडे दिसले तेव्हा ते काय आहेत हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने एकाही खड्याला बोट लावलं नाही. प्लास्टिकच्या स्वच्छ पिशव्यांनी उचलले आणि घरी नेऊन गोठवूनच ठेवले. लगेच नंतर हिमवर्षाव झाला आणि उरलेले तुकडे वसंतापर्यंत झाकले गेले. त्याने वेचलेला तो जवळपास किलोभर माल आजही जगातल्या सगळ्यात शुद्ध अशनी नमुन्यांमध्ये गणला जातो. त्या माणसाकडे पिशवी, फ्रीज आणि समज, इतकंच होतं.

आता लोहचुंबकाबद्दल, आणि इथे मी हात जोडून सांगतो. शोधायला निघताना खिशात चुंबक घेऊन जाऊ नका. दगड चुंबकाला चिकटतो का ते बघायची सवय आपल्यात इतकी रुजली आहे की ती चूक आहे असं कुणाला वाटतच नाही. पण काही अशनींमध्ये त्यांच्या जन्माच्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची खूण कोरलेली असते. आजचे ताकदवान छोटे चुंबक एका स्पर्शात ती पुसून टाकतात. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मंगळावरून आलेल्या 'ब्लॅक ब्यूटी' या दगडाच्या वेगवेगळ्या तुकड्यांची तपासणी झाली. हाताळणाऱ्यांच्या चुंबकांनी त्यांतली मंगळाच्या प्राचीन चुंबकीय क्षेत्राची नोंद धुवून टाकलेली निघाली. ती नोंद अब्जावधी वर्षं शाबूत होती. नुकताच पडलेला दगड ओळखायला चुंबकाची गरजही नसते. काळं ताजं कवच, आतला फिकट रंग, धातूचे कण आणि हाताला जाणवणारं जडपण पुरेसं आहे. भट्टीतली मळी काळी आणि जड असते खरी, पण तिच्यात बुडबुड्यांची भोकं दिसतात. पाषाण अशनीत ती नसतात. शंका उरली तर तुकडा तसाच प्रयोगशाळेत न्या, तिथे चुंबकशीलता मोजायचं इजा न करणारं उपकरण असतं.

धुणं, ब्रशने घासणं, तेल किंवा लाखेचा हात देणं, करवतीने कापणं, यातलं काहीही करू नका. आणि फोडू तर मुळीच नका. 1492 मध्ये एन्सिसहाइमला पडलेला 127 किलोचा दगड लोकांनी आठवण म्हणून तोडून तोडून नेला. आज मूळ दगडाचा निम्म्याहून कमी भाग तिथे उरला आहे. तुकडे वाटून घेण्यातलं नुकसान फक्त वजनाचं नसतं. 22 मे 2012 रोजी काटोलजवळ पडलेल्या अशनीत टकरीच्या उष्णतेने वितळून झालेल्या शिरा होत्या. अशाच एका शिरेत ब्रिजमनाइट हे खनिज सापडल्याचं 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खाली हे खनिज विपुल आहे, पण तिथून ते आपल्या हाती येत नाही. दगड पडल्यापासून नऊ वर्षांनी हा शोध लागला. आपण हातोडा मारतो तेव्हा नेमकं काय फुटतंय हे त्या क्षणी कुणालाच ठाऊक नसतं.

जमिनीच्या मालकाला विचारल्याशिवाय आत जाऊ नका, उभ्या पिकातून चालू नका. दगड कुणाचा हा प्रश्न प्रत्येक देशात वेगळ्या तऱ्हेने सुटतो. डेन्मार्कमध्ये तो सरकारकडे जमा करावा लागतो आणि मोबदला मिळतो, इतर ठिकाणी जमीनमालकाचा हक्क मानतात. निघण्याआधी तिथला कायदा विचारून घ्या.

विकणाऱ्यांना आणि विकत घेणाऱ्यांना वेगळं सांगायचं आहे. तुमचा व्यवहार बंद व्हावा असं माझं म्हणणं नाही. तुमच्यातल्या कित्येकांनी प्रयोगशाळांपेक्षा लवकर पोहोचून पावसाच्या तोंडातून दगड वाचवले आहेत. फक्त शोधणाऱ्याकडून दगड घेताना वजनाच्या आधी जागा विचारा. तो सांगेल ते त्याच्यासमोर लिहा, त्याने काढलेला फोटो मागून घ्या आणि दगड पुढे जाईल तिथे तो कागदही जाऊ द्या. पाच हात बदलल्यावर 'अमुक भागातला' एवढंच उरतं, आणि त्यानंतर कुणीही कितीही पैसे मोजले तरी ती जागा परत मिळत नाही.

अशनीला अधिकृत नाव मिळण्यासाठी मिटिऑरिटिकल सोसायटी या अशनी-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नामकरण समितीला वर्गीकरण झालेला नमुना एखाद्या मान्य संस्थेत ठेवलेला लागतो. एकूण वजनाच्या वीस टक्के किंवा वीस ग्रॅम, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे दोन किलो सापडले तरी द्यायचे वीस ग्रॅमच. नाव त्या जागेचं लागतं आणि कायमचं राहतं.

तुमची तक्रार मला माहीत आहे, मीही ती केली आहे. नमुना दिला की नंतर कुणी काही कळवत नाही. माझ्याही एका नमुन्याचं पुढे काय झालं हे मला आजतागायत कळलेलं नाही. ही वागणूक चुकीची आहे आणि ती बदलायला हवी. नमुना देताना वजनासह लेखी पोच मागा, शोधणारा म्हणून तुमचं नाव नोंदवलं जाईल हे लिहून घ्या, उरलेला तुकडा परत कधी मिळेल तेही विचारा. यात संकोच कसला? पण त्या रागापायी नोंद दडवून ठेवू नका. दगड द्यायचा नसेल तर नका देऊ, तो तुमच्याकडे राहू दे. फोटो, जागा, वजन आणि तारीख एवढं तरी शोध घेणाऱ्या गटाला द्या. तेवढ्यानेही पट्ट्याचा नकाशा पुरा होत जातो.

आणि ज्यांना काहीच सापडलं नाही त्यांनीही लिहून पाठवा. जमिनीच्या कोणत्या तुकड्यात, किती जण, किती अंतर ठेवून चाललात आणि तिथे काही मिळालं नाही, हेही नकाशावर लागतं. नाहीतर दुसरा गट तीच जमीन पुन्हा तुडवतो आणि शेजारची तशीच राहते. पुढच्या वेळी निघाल तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर शोधलेल्या जागेचे चार कोपरे लिहायला सुरुवात करा, दगड मिळो वा न मिळो.

आपला,
तुमच्याबरोबर रांगेत चालणारा एक शोधक